किलिमांजारोची तयारी : दिवस, थंडी आणि वीस किलो

विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम तीन अंशांवर, टांझानियाच्या गवताळ पठारातून एक पर्वत एकटाच वर उठतो आणि 5,895 मीटरवर जाऊन थांबतो. किलिमांजारो कुठल्याही पर्वतरांगेचा भाग नाही. शिरा, मावेन्झी आणि किबो या तीन ज्वालामुखींनी मिळून तो घडवला. त्यातल्या किबोच्या कडेवरचे उहुरू हे टोक म्हणजे आफ्रिका खंडाचा माथा. पायथ्याशी चग्गा लोकांच्या केळीच्या आणि कॉफीच्या बागा आहेत. त्यांच्या वर शेवाळाने लगडलेले दमट जंगल, मग खुरटी झुडपे, मग जिथे गवताचे पातेही दिसत नाही असे दगडी वाळवंट आणि शेवटी हिमनद्यांचे उरलेसुरले कडे. 1912 पासून आजवर यातला ऐंशी टक्क्यांहून अधिक बर्फ नाहीसा झाला आहे. हे सगळे पट्टे माणूस पायी आठवडाभरात ओलांडतो. पहिल्या दिवशी घामाने भिजवणारा उकाडा आणि शिखराच्या रात्री उणे दहा ते उणे वीस अंश, अशा प्रवासाचे सामान एकाच पिशवीत बसवायचे असते.

या शिखराच्या पहिल्या नोंदलेल्या चढाईचा इतिहास वाचला की तयारीचे मोल कळते. जर्मन भूगोलज्ञ हान्स मेयर 1887 मध्ये पहिल्यांदा आला आणि बर्फाच्या भिंतीपाशी हरला. पुढच्या वर्षीची मोहीम किनाऱ्यावरच्या बंडात सापडली आणि पर्वतापर्यंत पोहोचलीच नाही. 1889 मध्ये तो ऑस्ट्रियन गिर्यारोहक लुडविग पुर्टशेलरला घेऊन परतला, तेव्हा त्याने योजनाच बदलली होती. उंचावर तळ टाकायचे आणि खालून हमालांकरवी ताजे अन्न येत राहील अशी साखळी लावायची, म्हणजे उपासमारीमुळे घाईने माघार घ्यावी लागणार नाही. 3 ऑक्टोबरला दोघे बर्फात पायऱ्या खोदत किबोच्या कडेला पोहोचले, थकले आणि परतले. परंतु वर राहण्याइतके अन्न हाताशी होते. 6 ऑक्टोबरला त्याच पायऱ्यांवरून ते माथ्यावर गेले. मेयरच्या यशात धाडसाइतकाच वाटा शिध्याचा आणि हाताशी ठेवलेल्या दिवसांचा आहे.

आजही किलिमांजारोवर सर्वांत महत्त्वाचे सामान म्हणजे दिवस. राष्ट्रीय उद्यानाचे शुल्क दिवसागणिक आकारले जाते. त्यामुळे प्रत्येक जादा मुक्कामाने खर्च वाढतो आणि स्वस्त सहल म्हणजे बहुधा कमी दिवसांची सहल. मारांगू वाटेवर मांडारा, होरोंबो आणि किबो अशा झोपड्यांचे मुक्काम आहेत. 2,720 मीटर, 3,720 मीटर आणि मग थेट 4,720 मीटर. आता उंचीवरच्या वैद्यकशास्त्राचा सर्वमान्य सल्ला असा आहे की 3,000 मीटरच्या वर झोपण्याची जागा एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा. पाच दिवसांत ही वाट उरकणारा माणूस हा नियम सलग दोनदा मोडतो. माझे स्पष्ट मत आहे की भारी जॅकेटवर पैसे घालण्याआधी ते सहाव्या, सातव्या, शक्य असेल तर आठव्या दिवसावर घालावेत. जॅकेट भाड्याने मिळते, दिवस मिळत नाही.

माचामे ही सध्याची लोकप्रिय वाट सात दिवसांत केली तर तिची रचना शरीराला मानवते. सुरुवात सुमारे 1,800 मीटरवरच्या प्रवेशद्वारापासून होते. म्हणजे आपले कळसूबाई (1,646 मीटर) जिथे संपते, त्याच्याही वर हा ट्रेक सुरू होतो. तिसऱ्या दिवशी लाव्हा टॉवर नावाच्या, 4,600 मीटरच्या घरातल्या सुळक्यापाशी चढून जायचे आणि झोपायला पुन्हा 4,000 मीटरच्या खाली, बारांको दरीत उतरायचे. वर चढून खाली झोपणे ही इथली सर्वांत शहाणी गोष्ट. पश्चिमेकडून येणारी लेमोशो वाट याच तत्त्वावर आणखी एक दिवस देते.

शरीरात नेमके काय होते, हे समजून घेतले तर दिवसांचा हट्ट पटतो. माथ्यावरच्या हवेतही ऑक्सिजनचे प्रमाण एकवीस टक्केच असते, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा होतो. त्यामुळे प्रत्येक श्वासात निम्मा प्राणवायू. शरीर त्यावर उत्तर म्हणून श्वास वाढवते. श्वास वाढला की कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्त अल्कधर्मी होते आणि मेंदू श्वास पुन्हा आवरू लागतो. ही ओढाताण झोपेत सर्वांत जास्त जाणवते. श्वास काही क्षण थांबतो, मग माणूस दचकून उठतो. मूत्रपिंडे बायकार्बोनेट बाहेर टाकून हा तोल सावरतात, पण त्याला काही दिवस लागतात. अ‍ॅसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स, हेच काम लवकर करवून घेते. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावे लागते आणि सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना धोका संभवतो, म्हणून डॉक्टरांना विचारूनच ते सुरू करावे. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे ही विरळ हवेच्या आजाराची पहिली लक्षणे. ती असताना वर चढायचे नाही. चालताना झोक जाऊ लागला, बोलण्यात गोंधळ झाला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर मेंदूत किंवा फुप्फुसात पाणी साचत असू शकते. त्यावर खात्रीचा इलाज एकच, रात्र असो वा पाऊस, ताबडतोब खाली उतरणे. या लक्षणांबाबत गाइडपासून काहीही लपवू नये. सह्याद्रीत वाढलेल्या पायांना चढ नवा नसतो. सिंहगड, हरिश्चंद्रगडाचा सलग सराव मांड्या आणि दम घडवतो. मात्र उंचीची सवय त्यातून होत नाही आणि तरण्याबांड, जोरात चालणाऱ्यांनाच हा आजार अनेकदा गाठतो, कारण ते घाई करतात.

कोरडे हंगाम दोन आहेत. एक जानेवारी ते मार्चचा मध्य आणि दुसरा जून ते ऑक्टोबर. मार्चअखेरपासून मेपर्यंतचा मोठा पाऊस आणि नोव्हेंबरच्या आसपासचा लहान पाऊस टाळलेला बरा. माथ्यावर तिरंगा फडकवण्यासाठी महाराष्ट्रातून अनेक जण 26 जानेवारी किंवा 15 ऑगस्टचा मुहूर्त धरतात. या दोन्ही तारखा कोरड्या हंगामात येतात हे आपले भाग्य.

आता कपड्यांकडे वळू, आणि त्याआधी वाटेतल्या दोन वनस्पतींकडे नीट पाहू. बारांको दरीत डेंड्रोसेनेसिओ नावाची झाडे उभी असतात. माणसाहून उंच खोड आणि शेंड्यावर पानांचे गुच्छ. या झाडाची वाळलेली पाने गळत नाहीत. ती खोडालाच चिकटून राहतात आणि एकावर एक थर साचून जाड अंगरखा तयार होतो. त्याच्या आत खोडातले पाणी गोठत नाही. शेजारी लोबेलिया डेकेनाय ही दुसरी वनस्पती दिसते. तिच्या पानांच्या वाटीत पाणी साठते. रात्री पाने आत मिटतात, पाण्याचा वरचा पापुद्रा गोठतो आणि खालचे पाणी मधल्या कोवळ्या कोंबाला गोठणबिंदूच्या खाली जाऊ देत नाही. सकाळी बोटाने तो बर्फाचा चकतीसारखा तुकडा हलवून पाहता येतो. दिवसा उन्हाळा आणि रात्री हिवाळा अशा या प्रदेशात जगण्याची ही रीत आहे, थरांच्या आत ऊब कोंडून ठेवण्याची.

आपले कपडेही याच रीतीने घ्यायचे. अंगाला चिकटून घाम ओढून घेणारा पातळ लोकरी किंवा सिंथेटिक थर, त्यावर फ्लीस, त्यावर पिसांचे जॅकेट आणि सर्वांत बाहेर वारा-पाऊस अडवणारे कवच. सुती बनियन आणि जीन्स घरीच ठेवावी. सुती कापड घाम धरून ठेवते आणि थंडीत ओले अंग घातक ठरते. मोजे जाड हवेत, पण बुटात बोटे हलायला हवीत, कारण आवळलेल्या पायात रक्त फिरत नाही. हातमोजे दोन थरांचे, कानटोपी, आणि दिवसासाठी रुंद काठाची टोपी. या उंचीवर अतिनील किरण तीव्र असतात, म्हणून अतिनील किरण अडवणारा काळा चष्मा आणि ओठांसाठी मलम यांना पर्याय नाही. स्लीपिंग बॅग उणे दहा ते उणे पंधरा अंशांत ऊब देणारी असावी. बूट घरूनच पायात मुरवलेले हवेत आणि विमानात ते पायातच घालावेत. बाकी सगळे सामान हरवले तर पायथ्याजवळच्या मोशी गावात भाड्याने मिळते, आपल्या पायाला बसलेला बूट मिळत नाही.

बॅटरीची काळजी वेगळी घ्यावी लागते. थंडीत ती भराभर उतरते, म्हणून हेडटॉर्चचे सेल, फोन आणि कॅमेरा रात्री स्लीपिंग बॅगमध्ये अंगाशी ठेवावेत. पाण्याच्या पिशवीची नळी शिखराच्या रात्री गोठते. बाटली मोज्यात गुंडाळून उलटी ठेवली तर बर्फ आधी बुडाकडे धरतो आणि तोंड मोकळे राहते.

या सगळ्याला एक मर्यादा आहे आणि मला ती सर्वांत विचार करण्याजोगी वाटते. उद्यानाच्या नियमाप्रमाणे एका पोर्टरच्या ओझ्याची कमाल मर्यादा वीस किलो आहे आणि त्यात त्याचे स्वतःचे सामानही धरलेले असते. म्हणून ट्रेकरच्या डफल बॅगेला साधारण पंधरा किलोच मिळतात. प्रवेशद्वारावर काटा टांगलेला असतो आणि प्रत्येक नग वजन करून आत जातो. इथे गाइडशिवाय चढण्याची परवानगीच नाही. चार ट्रेकरच्या गटामागे गाइड, स्वयंपाकी आणि पोर्टर मिळून पंधरा-सोळा माणसे डोंगरावर असणे नेहमीचे. तंबू, गॅस, भांडी, अंडी, भाजी सगळे त्यांच्या डोक्यावरून आणि पाठीवरून वर जाते. ट्रेकर पाणी, रेनकोट आणि खाऊची लहान सॅक घेऊन सावकाश चालत असतो आणि ही माणसे त्याला मागे टाकून पुढच्या मुक्कामावर तंबू उभारतात. बारांको दरीतून कारांगाकडे निघाल्यावर जो उभा कडा चढावा लागतो, तिथे आपण दोन्ही हातांनी खडक धरतो आणि शेजारून पोर्टर डोक्यावर बोचके तोलत निघून जातो.

म्हणून कंपनी निवडताना भाव विचारण्याआधी चार प्रश्न विचारावेत. पोर्टरला दिवसाची मजुरी किती देता? त्याला तीन वेळचे जेवण मिळते का? झोपायला वाऱ्यापावसात टिकणारा तंबू आहे का? आजारी पडला तर त्याला खाली कोण नेतो? उद्यानाचे शुल्क सगळ्यांना सारखेच असते. त्यामुळे अतिशय स्वस्त सहलीत जो पैसा वाचतो तो बहुतेक वेळा मजुरी आणि अन्न यांतूनच कापलेला असतो. किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट ही संस्था 2003 पासून यावर काम करते. मजुरी, जेवण आणि ओझे यांवर देखरेख ठेवू देणाऱ्या कंपन्यांची यादी ती प्रसिद्ध करते. ती यादी पाहिल्याशिवाय आगाऊ रक्कम भरू नये.

खाण्यात शाकाहाराची अडचण येत नाही, फक्त ते आधीच कळवावे लागते, कारण शिधा पायथ्याशीच भरला जातो. 4,670 मीटरवरच्या बाराफू तळावर पाणी सुमारे 85 अंशांनाच उकळते, त्यामुळे डाळ-तांदूळ लवकर शिजत नाहीत. पातळ सूप, लापशी, बटाटे आणि पास्ता यांवर स्वयंपाक्याचा भर असतो. भूक मेलेली असताना ओळखीची चव घशाखाली उतरते. मेतकूट, लिंबाचे गोड लोणचे, डिंकाचे किंवा खजुराचे लाडू एवढे अर्ध्या किलोत मावते. पाणी दिवसाला तीन-चार लिटर प्यावे आणि ते जपून वापरावे. दक्षिणेकडच्या वाटांवर कारांगाचा ओढा हा शेवटचा पाणवठा आहे. बाराफूवर आपल्या हातात येणारा गरम चहाचा पेला, तिथले भांडे धुण्याचे पाणीसुद्धा, कुणीतरी कारांगाहून वाहून आणलेले असते.

कागदपत्रांत व्हिसा, विमा आणि लसीचा दाखला. विम्यात 6,000 मीटरपर्यंतचे पदभ्रमण आणि हेलिकॉप्टरने सुटका हे शब्दांत लिहिलेले असावे. साध्या प्रवास विम्यात ते सहसा नसते. केनिया किंवा इथिओपियामार्गे जाणाऱ्यांनी पीतज्वराच्या लसीचे नियम तपासावेत. ही लस ठरावीक केंद्रांवरच मिळते आणि तिचा दाखला दहा दिवसांनी ग्राह्य होतो, म्हणून हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये. टांझानियात जून 2019 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. कपडे कोरडे ठेवायला कापडी जलरोधक पिशव्या घ्याव्यात.

शिखराची रात्र मध्यरात्रीच्या आसपास सुरू होते. त्यामागे कारण आहे. ज्वालामुखीच्या राखेचा घसारा रात्री गोठून पायाखाली टिकतो, दिवसा तो एक पाऊल पुढे आणि अर्धे मागे नेतो. पोले पोले, म्हणजे हळूहळू, असे गाइड सांगत राहतात आणि त्याच संथ चालीने सहा-सात तासांत 5,756 मीटरवरचे स्टेला पॉइंट आणि पुढे उहुरू येते. त्या रात्रीसाठी गेटर, काठ्या, भरलेली टॉर्च आणि खिशात अंगाच्या उबेने मऊ राहिलेला खाऊ, एवढे आदल्या संध्याकाळी उजेडातच काढून ठेवावे. उतरण मात्र त्याच दिवशी बाराफूवरून थेट 3,100 मीटरच्या आसपासच्या म्वेका मुक्कामापर्यंत असते. चढाईपेक्षा इथेच गुडघे आणि अंगठ्याची नखे जास्त सोसतात, म्हणून निघण्याआधी नखे कापणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

बक्षिसी हा इथल्या कमाईचा ठरलेला भाग आहे, तो खर्चाच्या अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरावा. जुन्या किंवा फाटक्या डॉलरच्या नोटा तिथे घेत नाहीत, म्हणून नव्या, सुट्या नोटा घरूनच न्याव्यात. रक्कम गाइड, स्वयंपाकी आणि पोर्टर अशी वेगवेगळी लिहून, शेवटच्या सकाळी सगळ्यांसमोर जाहीर करावी, म्हणजे ज्याची त्याला ती पोहोचते.