बर्फावरची पकड : साखळी की हिवाळी टायर?

घोडनदीच्या आणि भीमेच्या काठी राहणाऱ्या माणसाने बर्फात मोटार चालविण्याची चिंता कशाला वाहावी, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. शिरूर-दौंडकडे फार तर वळवाच्या गारा पडतात. परंतु आज या गावांतील कुटुंबे हिवाळ्यात मनाली-गुलमर्ग पाहावयास जातात, काही स्वतःची मोटार घेऊन जातात. कित्येकांची मुले तर जर्मनीत वा कॅनडात संसार थाटून बसली आहेत. तेव्हा हा विषय आता परका राहिलेला नाही.

शिवाय त्याचे मूळ आपल्या काळ्या रानातही सापडते. भीमाकाठच्या काळ्या मातीत पाऊस मुरला की ती फुगते, टायरच्या खाचा भरून टाकते आणि चाक जागच्या जागी गरगरू लागते. इंजिनाचे बळ कमी पडलेले नसते. ते जमिनीला पोहोचत नसते. मग आपण चाकाखाली उसाचे पाचट, गोणपाट किंवा खडी सारतो. बर्फातील सारी विद्या म्हणजे या पाचटाचाच विस्तार होय.

मोटारीचा प्रत्येक टायर रस्त्याला टेकतो तो सुमारे तळहाताएवढ्या जागेत. या चार तळहातांवरच सगळा भरवसा. ताशी ४० किलोमीटर वेगाची मोटार कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून सुमारे ९ मीटरांत थांबते. दाबून बसलेल्या बर्फावर तिला सुमारे ३० मीटर लागतात आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर ६० मीटरही लागू शकतात. चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे अंतर यात धरलेले नाही. म्हणून ‘गाडी निघेल का?’ हा प्रश्न दुसरा. ‘गाडी थांबेल का?’ हा पहिला. चारही चाकांना जोर असलेली जीप सर्वांआधी निघते हे खरे, पण थांबताना त्या जोराचा उपयोग नाही. बर्फातील पुष्कळ अपघात या एका गैरसमजातून घडतात.

आता टायरकडे वळू. थंडीत तूप थिजते, तसे रबरही कडक होते. आपल्याकडचे टायर उन्हाळी रस्त्यांसाठी बनविलेले. तापमान ७ अंशांच्या खाली गेले की त्यांची पकड उतरू लागते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्याच्या अंगावरील बारीक चिरांत बर्फ धरला जातो. बर्फाला बर्फ चिकटतो व पकड मिळते. असे टायर फिनलंडमध्ये १९३४ साली प्रथम मालमोटारींसाठी निघाले. तीन शिखरांचा डोंगर व त्यात हिमकण, ही त्यांची खूण. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर सक्तीचे आहेत, आणि ऑक्टोबर २०२४ पासून ही खूण असलेलेच टायर तेथे ग्राह्य धरतात. ते चारही चाकांना हवेत. दोनच बसविले तर मोटारीचे एक टोक धरते आणि दुसरे घसरते.

साखळीची गोष्ट वेगळी. चिखलात व बर्फात चालक चाकांना दोर गुंडाळीत, त्यावरून अमेरिकेतील हॅरी वीड यांना ती सुचली असे सांगतात. १९०४ मध्ये त्यांनी तिचे पेटंट घेतले. साखळीच्या कड्या बर्फात रुततात, म्हणून जाड बर्फात आणि चढावर तिच्यासारखा आधार नाही. पण ती ज्या चाकांना इंजिनाचा जोर मिळतो त्यांनाच प्रथम लावावी, टायरच्या कडेवरील माप पाहूनच घ्यावी, थोडे अंतर गेल्यावर थांबून पुन्हा आवळावी, आणि वेग साधारणपणे ताशी ५० किलोमीटरच्या आतच ठेवावा. काळे डांबर लागताच ती उतरविली पाहिजे. नाहीतर साखळी, टायर व रस्ता तिन्ही झिजतात. काही मोटारींत चाकाभोवती साखळीपुरती जागाच नसते; ते मोटारीच्या पुस्तिकेत आधी पाहावे.

मग निवड कशी करावी? जो महिनोन्‌महिने थंड मुलखात राहतो, त्याने हिवाळी टायर घ्यावेत. जो चार दिवसांसाठी मनालीस जातो, त्याने ते घेऊ नयेत. पुण्याकडच्या उन्हात ते मऊ रबर लवकर झिजेल. त्याने साखळी बाळगावी आणि ती चढविण्याचा सराव घरच्या अंगणात करावा. बोटे बधिर झाल्यावर शिकणे होत नाही. भाड्याची मोटार केली, तर दर ठरविण्याआधी साखळी आहे का ते विचारावे आणि स्थानिक चालकाचा शब्द मानावा.

साखळीने वा टायरने बर्फाचे डांबर होत नाही. घसरण कमी होते, एवढेच. पुढच्या मोटारीपासून नेहमीच्या कितीतरी पट अंतर ठेवणे, ब्रेक आणि सुकाणू हलक्या हाताने वापरणे, आणि रस्ता काचेसारखा झाला असेल त्या दिवशी मोटार न काढणे, हे कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. पण जीव वाचतो तो बहुधा त्यानेच.