बार्शीचा पुरावा, पुण्याची लस

उस्मानाबाद जिल्ह्यातल्या (आताच्या धाराशिव) खेड्यांमध्ये 1999 च्या सुमारास बायकांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एक मोठी तपासणी सुरू झाली. बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या ल्यों इथली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचं हे काम. खेड्यांचे 52 गट पाडले, 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांहून अधिक स्त्रिया घेतल्या. कुणाची पॅप स्मिअर (पेशींची चाचणी), कुणाची सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी, कुणाची एचपीव्ही या विषाणूची चाचणी. उरलेल्यांची काहीच तपासणी नाही. 2009 मध्ये निष्कर्ष आले. विषाणूची चाचणी एकदाच झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने 34 मृत्यू झाले होते; काहीच न केलेल्या, संख्येने थोड्या लहान गटात 64. त्या बायकांना तपासणीविना का ठेवलं, असं पुढे अनेकांनी विचारलं, आणि ते विचारायलाच हवं होतं. पण विषाणू शोधला की मरणं टळतात, हे जगाला कळलं ते मराठवाड्यातल्या या बायकांमुळे.

हा विषाणूच कर्करोगाच्या मुळाशी आहे, हे दाखवलं जर्मनीच्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी. बहुतेक शास्त्रज्ञ तेव्हा नागिणीच्या कुळातल्या हर्पीसकडे बोट दाखवत होते. हे गृहस्थ चामखिळींच्या विषाणूमागे लागले. 1983 मध्ये त्यांच्या गटाला गाठींत 16 क्रमांकाचा प्रकार सापडला, पुढच्या वर्षी 18. गर्भाशयमुखाचे सुमारे 70 टक्के कर्करोग या दोघांमुळे होतात. 2008 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

एचपीव्ही शरीरसंबंधातून पसरतो, आणि इथेच आपल्याकडे बोलणं थांबतं. खरं तर बहुतेक स्त्रीपुरुषांना तो आयुष्यात कधी तरी होतोच. जन्मभर एकाच जोडीदाराबरोबर संसार केलेल्या बाईलाही होतो. कंडोमने धोका कमी होतो, पण पुरता जात नाही. चारित्र्याची चर्चा त्यामुळे निरर्थक आहे. दहातल्या नऊ वेळा शरीर त्याला वर्षा-दोन वर्षांत हुसकून लावतं, बाईला पत्ताही लागत नाही. ज्यांच्यात तो ठाण मांडून बसतो, त्यांच्यात कर्करोग व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षं जातात. भारतात वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा रोग होतो आणि 75 हजारांहून अधिक दगावतात. पांढरं जातंय, मधेच रक्त जातंय, हे सांगायलाच कितीतरी महिने निघून जातात.

या विषाणूविरुद्ध लस आहे. तिच्यात विषाणू नसतो. त्याच्या कवचाचं प्रथिन यीस्टमध्ये तयार करतात; ते आपोआप जुळून पोकळ गोळे बनतात. वरून विषाणूसारखे, आत जनुकं नाहीत. म्हणून लसीने संसर्ग होऊच शकत नाही. आधी झालेला संसर्ग मात्र ती बरा करत नाही, आणि 9 ते 14 हे वय सांगतात ते त्यासाठीच. स्वीडनमध्ये सतराव्या वर्षाआधी लस घेतलेल्या मुलींत हा कर्करोग 88 टक्क्यांनी कमी आढळला.

आपल्याकडे 2010 मध्ये गाडी रुळावरून घसरली. आंध्र प्रदेश आणि गुजरातमधल्या एका प्रकल्पात लस घेतलेल्या सात मुली दगावल्या. कुणाला साप चावला होता, कुणी बुडाली होती. मृत्यूंचा लसीशी संबंध दिसला नाही. पण काही संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या निघाल्या. लोकांचा विश्वास उडाला तो अशा बेपर्वाईने. त्या गदारोळात बार्शी आणि पुण्यासह देशभर चाललेला दुसराच एक अभ्यासही थांबवावा लागला, आणि पुष्कळ मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्या मुलींची पाठ सोडली नाही. दहा वर्षांनी पाहिलं, तर एकाच डोसने 16 आणि 18 च्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून 95 टक्के संरक्षण दिलं होतं. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल असं म्हटलं, त्यामागे हाही पुरावा होता.

त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक या देशी लसीला परवानगी मिळाली. ती मुलग्यांनाही देता येते, आणि द्यावी. विषाणू त्यांच्याकडूनही पसरतो, त्यांनाही घशाचे वगैरे कर्करोग होतात.

घरात 9 ते 14 वयाची मुलगी असेल तर डॉक्टरांना लसीबद्दल विचारा. आणि तिची आई तिशीच्या पुढची असेल, तर तिनेही स्वतःची तपासणी त्याच फेरीत उरकून घ्यावी. लस लेकीला मिळेल. आईला गरज आहे ती तपासणीची.