रेल्वे प्रतिकृती आणि इतिहास संशोधन : बोरघाटाच्या संदर्भात

प्रास्ताविक :

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या मार्गावर धावलेल्या गाडीने भारतातील प्रवासी रेल्वेचा प्रारंभ झाला. या इतिहासाचा अभ्यास प्रामुख्याने ग्रंथ आणि दप्तरे यांच्या आधारे केला जातो. रेल्वेची प्रमाणबद्ध प्रतिकृती तयार करणे हा मात्र छंदाचा विषय समजला जातो. वस्तुतः अचूक प्रतिकृतीसाठी कठोर संशोधनाची आवश्यकता असते. ‘घाटात इंजिनाची दिशा बदलली जात असे’ असे एक वाक्य लिहून ग्रंथकार पुढे जाऊ शकतो. प्रतिकृतिकाराला मात्र रूळ कोठून कोठे न्यावयाचा, हे ठरवावेच लागते. त्याला जागा रिकामी सोडता येत नाही. प्रस्तुत लेखात कर्जत-लोणावळा दरम्यानच्या बोरघाटाच्या उदाहरणाने या संशोधनाचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे :

१) प्रतिकृतीसाठी काळनिश्चितीचे महत्त्व स्पष्ट करणे.
२) उपलब्ध साधनांची उपयुक्तता व मर्यादा तपासणे.
३) प्रमाणामुळे कराव्या लागणाऱ्या तडजोडींचा विचार करणे.

काळनिश्चिती :

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा बोरघाट मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. सुमारे पावणेसोळा मैलांत १,८३१ फूट चढण, सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांस १ फूट आणि २५ बोगदे असे त्याचे स्वरूप होते. घाटात एके ठिकाणी गाडी बंद टोकाच्या मार्गिकेत शिरे, इंजिन दुसऱ्या टोकास जोडले जाई आणि गाडी उलट दिशेने पुढील चढ चढू लागे. हे रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ मध्ये नव्या मार्गामुळे कालबाह्य झाले. याच सुमारास घाटाचे विद्युतीकरण झाले आणि १ जून १९३० पासून दख्खनची राणी सुरू झाली.

यावरून असे दिसते की, रिव्हर्सिंग स्टेशनवर दख्खनची राणी उभी करणे ही काळविसंगती ठरते. दोन्ही गोष्टी खऱ्या असल्या तरी त्या एकत्र कधीच नव्हत्या. प्रतिकृतीतील बहुतेक चुका अशाच असतात. म्हणून ‘बोरघाट’ एवढा विषय पुरेसा नसून ‘१९१० मधील बोरघाट’ किंवा ‘१९३५ मधील बोरघाट’ अशी निश्चिती प्रथम करणे आवश्यक ठरते.

साधने आणि त्यांची चिकित्सा :

मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांचे लेखन, अभियांत्रिकी आराखडे, मुंबईच्या पुराभिलेखागारातील कागदपत्रे आणि दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयातील इंजिने व डबे ही प्रमुख साधने होत. मात्र आराखडा योजना सांगतो. प्रत्यक्षात काय बांधले गेले, ते नेहमीच सांगत नाही.

छायाचित्रांबाबत अधिक सावधगिरी हवी. छायाचित्रकाराचे लक्ष नव्या इंजिनाकडे व समारंभाकडे असे. रोजची मालगाडी क्वचितच टिपली जाई. शिवाय, तपशील स्पष्ट उमटावा म्हणून नव्या इंजिनाला छायाचित्रापुरता राखाडी रंग देण्याची कारखान्यांची प्रथा होती. तो रंग खरा मानल्यास प्रतिकृती चुकते. छायाचित्रावर तारीख नसेल तर विजेच्या तारा आहेत किंवा नाहीत, डब्यांची बांधणी कोणती, यांवरून त्याचा काळ ठरवावा लागतो.

नियम आणि प्रत्यक्ष व्यवहार :

गाडी कशी दिसते याइतकेच ती कशी चालते हेही महत्त्वाचे आहे. यासाठी कामकाजाचे वेळापत्रक, नियमपुस्तिका आणि निवृत्त कर्मचाऱ्यांच्या मुलाखती उपयोगी पडतात. चढताना कर्जतला गाडीच्या मागे ढकलणारी बँकर इंजिने लावली जातात. उतारावर ब्रेक निकामी झाल्यास गाडी मुख्य मार्गावरून बाजूला घेण्यासाठी कॅच सायडिंग असते. ही चढती मार्गिका नसेल तर प्रतिकृतीतील घाट हा केवळ देखावा उरतो.

शब्दांचाही अर्थ तपासावा लागतो. रेल्वेच्या कागदपत्रांत ‘अप’ म्हणजे मुंबईकडे जाणारी गाडी. त्यामुळे घाट चढणारी गाडी ‘डाउन’ आणि उतरणारी ‘अप’ ठरते. हे ध्यानात न घेतल्यास बँकर इंजिन आणि कॅच सायडिंग यांची जागा उलटसुलट होण्याचा संभव असतो.

प्रमाण आणि तडजोड :

जगात सर्वाधिक प्रचलित असलेल्या १:८७ या प्रमाणात घाटाची लांबी सुमारे २९० मीटर आणि चढण सुमारे साडेसहा मीटर होते. एवढी जागा कोणत्याही सभागृहात मिळणे कठीण. म्हणून काही भाग निवडून उर्वरित गाळावा लागतो. दुसरी अडचण रुळांची आहे. या प्रमाणातील बाजारी रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे असतात, कारण ते १,४३५ मिलिमीटरच्या परदेशी मार्गासाठी बनवलेले असतात. भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर असल्याने येथे सुमारे १९.३ मिलिमीटर अंतर हवे. तयार रूळ वापरले तर भारतीय गाडीचा रुंद, भक्कम पवित्रा हरवतो. स्वतः रूळ घालावे तर प्रत्येक इंजिनाची चाकेही बदलावी लागतात. तडजोड अटळ आहे, परंतु ती अजाणता होऊ नये.

निष्कर्ष :

घाटाच्या जुन्या खुणा नाहीशा होत आहेत. जुन्या रिव्हर्सिंग स्टेशनच्या परिसरातील, १८३० मध्ये बांधलेला अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये पाडण्यात आला. अशा स्थितीत उद्याचा विद्यार्थी प्रतिकृतीलाच पुरावा मानण्याची शक्यता आहे. काचेच्या पेटीतील वस्तू पाहणाऱ्याला खरी वाटते, तिच्यातील अंदाज दिसत नाही. म्हणून कोणता भाग कोणत्या पुराव्यावर आधारित आहे आणि कोणता अनुमानाने केला आहे, याची नोंदवही प्रतिकृतीसोबत ठेवणे अत्यावश्यक आहे. जानेवारी १८६१ मध्ये या घाटात चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते, पटकीच्या साथींत त्यांपैकी अनेकांचा बळी गेला. पूर्ण झालेल्या पुलाच्या प्रतिकृतीत ते कोठेच दिसत नाहीत. त्यांची नोंदही त्याच वहीत व्हावयास हवी. महाविद्यालयातील इतिहास, भूगोल आणि पदार्थविज्ञान विभागांनी संयुक्तपणे असा प्रकल्प हाती घेतल्यास विद्यार्थ्यांना साधनचिकित्सेचा प्रत्यक्ष अनुभव मिळेल.