विश्लेषण : रात्री जोडीने उडणारी लढाऊ विमाने एकमेकांना कशी दिसतात?

करकंबच्या शिवारात रात्रीच्या विजेवर उसाला पाणी देताना वर पाहिले, की लाल, हिरवे आणि लुकलुकणारे पांढरे दिवे घेऊन जाणारे विमान सहज ओळखू येते. हे दिवे लांबून दिसण्यासाठीच असतात. अंधारात काही मीटरच्या अंतराने उडणाऱ्या लढाऊ विमानांची गरज मात्र वेगळी असते. तिथे दिवा कमी पडला तरी घात आणि जास्त झाला तरी घात.

नेहमीचे दिवे काय सांगतात?

डाव्या पंखाच्या टोकाला लाल, उजव्या पंखाच्या टोकाला हिरवा आणि शेपटीला पांढरा दिवा, हा जगभरचा नियम आहे. लाल आणि हिरवा प्रत्येकी ११० अंशांत, तर पांढरा मागच्या १४० अंशांत दिसतो. त्यामुळे दूर क्षितिजाजवळ फक्त लाल दिवा दिसला, तर विमान आपल्या डावीकडे निघाले आहे आणि फक्त हिरवा दिसला, तर उजवीकडे, असे समजावे.

मग हे दिवे पुरत का नाहीत?

अंधारात एकटा दिवा म्हणजे नुसता ठिपका. त्यावरून अंतर कळत नाही. स्थिर ठिपक्याकडे टक लावून पाहिले, तर तो हलल्याचा भासही होतो. ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीच्या मागे एकच दिवा असेल, तर मागच्या चालकाची अशीच फसगत होते. परावर्तक पट्ट्या लावल्या, की ट्रॉलीची रुंदी दिसते आणि अंतराचा अंदाज येतो.

फॉर्मेशन लाइट म्हणजे काय?

हीच युक्ती विमानात वापरतात. नाक, धड, शेपूट आणि पंखांच्या टोकांवर मंद पोपटी उजेडाच्या चपट्या पट्ट्या बसवतात. विशिष्ट रसायनाच्या थरातून वीज खेळवली, की संपूर्ण पट्टी एकसारखी उजळते. पट्टीला लांबी असल्याने शेजारचे विमान किती जवळ आहे आणि कोणत्या बाजूला कलले आहे, हे वैमानिकाला कळते. उजेड कमी-जास्त करण्याचे बटण कॉकपिटमध्येच असते. लुकलुकणारा प्रखर दिवा साधारणपणे ताफ्यातील शेवटच्या विमानाचाच चालू ठेवतात, म्हणजे मागच्याचे डोळे दिपत नाहीत.

चष्म्याने काय बदलले?

रात्री पाहण्याचे खास चष्मे अत्यंत मंद उजेडही हजारो पटींनी वाढवून दाखवतात. त्यामुळे साध्या डोळ्यांना न दिसणारे अवरक्त दिवे विमानांवर आले. एप्रिल २०२३ मध्ये भारतीय हवाई दलाचे सी-१३० जे विमान सुदानमधील वादी सैय्यिदना येथील दिवे नसलेल्या धावपट्टीवर अशाच चष्म्यांच्या आधारे रात्री उतरले आणि १२१ जणांना घेऊन निघाले. मात्र या चष्म्यातून साधारण ४० अंशांचाच पट्टा दिसतो आणि प्रखर दिवा समोर आला, तर त्याच्याभोवतीचे सगळे पुसले जाते.

दिव्यांचा मेळ चुकला तर?

६ डिसेंबर २०१८ रोजी जपानजवळ समुद्रावर मध्यरात्रीनंतर हवेत इंधन भरण्याचा सराव सुरू होता. त्यात अमेरिकी मरीन दलाचे एफ/ए-१८ लढाऊ विमान केसी-१३० जे या इंधनवाहू विमानावर आदळले. ६ जणांचा मृत्यू झाला, एक जण वाचला. फेरचौकशीत पुढे आलेल्या कारणांपैकी एक दिव्यांचे होते. इंधन भरून बाजूला झालेल्या दुसऱ्या लढाऊ विमानाने आपले दिवे प्रखर ठेवले होते, तर इंधनवाहू विमानाचे दिवे मंदच होते. अपघातग्रस्त वैमानिकाची नजर प्रखर दिव्यांवर खिळली आणि तो इंधनवाहू विमानावर सरकत गेला. ठरलेल्या बाजूऐवजी दुसऱ्या बाजूने बाहेर पडण्याची ऐनवेळी मिळालेली परवानगीही याला कारणीभूत ठरली. प्रखर दिवे ठेवणे नियमात बसत होते, पण त्या क्षणी योग्य नव्हते.

म्हणूनच रात्रीच्या उड्डाणाआधी कोणते विमान कोणत्या टप्प्यावर कोणते दिवे लावणार, हे जमिनीवरच ठरवून घ्यावे लागते. हवेत गेल्यावर सोबत्याचा अंदाज बांधायला त्या मंद पट्ट्यांखेरीज फारसे काही हाताशी नसते.