भिंतीवरच्या संघचित्राचें वय

सुशिक्षित कुटुंबांत जुन्या वस्तूंविषयीं आस्था नसते असें नाहीं. पण त्यांची चौकशी करण्याची संवय मात्र थोड्याच घरांतून आढळते. आजोबांचें पागोटें, पणजीची नथ, देवघरांतलें पंचपाळें यांची हकीकत वडील माणसें हौसेनें सांगतात. ओटीवर टांगलेल्या फोटोविषयीं विचारलें, कीं "फार जुना आहे" एवढेंच उत्तर मिळतें. त्यांतून तो फोटो क्रिकेटच्या संघाचा असला, तर "आमचे पणजोबा विलायतेस गेलेल्या संघांत होते" अशी एखादी आख्यायिकाहि त्यास चिकटलेली असते. ती खरी असेल किंवा नसेल. पण ती पारखण्याचीं साधनें बहुतेक घरांतच असतात. एक बहिर्गोल भिंग, खिडकींतून येणारा तिरपा उजेड आणि थोडा धीर एवढ्यावर पुष्कळ काम भागतें.

उदाहरणासाठीं एकच संघ घेऊं. १९११ सालच्या उन्हाळ्यांत हिंदुस्थानांतील निरनिराळ्या समाजांच्या निवडक खेळाडूंचा पहिला संघ इंग्लंडला गेला. तत्पूर्वीं १८८६ व १८८८ सालीं पारशी संघ जाऊन आले होते. पण ते एकाच समाजाचे होते. १९११ च्या संघाचे कर्णधार पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंह. त्यांचें वय तेव्हां अवघें एकोणीस. संघांत डॉ. होरमसजी कांगा होते, मुकुंद पै होते, आणि ज्यांच्या आडनांवांतच कोंकणांतील पालवण गांव आहे ते बाळू व शिवराम हे पालवणकर बंधु होते. संघानें २३ सामने खेळून ६ जिंकले व १५ गमावले. लेस्टरशायर व सॉमरसेट या संघांवर मात्र त्यानें विजय मिळविला. या एकंदर अपयशांत उठून दिसली ती बाळूंची डावखुरी संथ गोलंदाजी. त्यांनीं दौऱ्यांत ११४ बळी घेतले. अशा संघाशीं आपलें नातें असावें असें कोंकणांतील कोणत्याहि घरास वाटणें स्वाभाविक आहे. म्हणूनच तें तपासून घेणें अधिक अगत्याचें आहे.

पहिली गोष्ट ही, कीं फोटोची कळा पाहून त्याचें वय ठरवूं नये. मालवणच्या दक्षिणेस, कर्लीची खाडी व अरबी समुद्र यांच्यामध्यें, वाळूच्या एका चिंचोळ्या पट्ट्यावर देवबाग वसलें आहे. दोहों बाजूंस पाणी, डोक्यावर माडांची सावली, हवेंत मीठ आणि पावसाळ्यांत चार महिने ओल. काळ्यापांढऱ्या फोटोंतील चित्र हें बहुधा चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचें बनलेलें असतें. ओल व दूषित हवा त्या कणांस झिजविते, आणि कागदास बुरशी लागते. कोरड्या जागीं कपाटांत राहिलेला शंभर वर्षांचा फोटो ताजा दिसूं शकतो, आणि देवबागच्या ओटीवरील तीस वर्षांचा फोटो जराजर्जर दिसूं शकतो. पिवळेपणा व डाग हे फोटो कोठें राहिला तें सांगतात. तो केव्हां जन्मला तें सांगत नाहींत. शिवाय पिवळेपणा आणणें कठीण नाहीं. चहाच्या पाण्यांत बुडविलेला कागद तासाभरांत म्हातारा होतो!

कागदाची जात मात्र सहसा फसवीत नाहीं. मुंबईस छायाचित्रणाची कला उशिरां आली असें नाहीं. तेथें १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु नारायण दाजी हे त्या काळच्या आपल्याकडील पहिल्या छायाचित्रकारांपैकीं एक होते. तेव्हांचे फोटो अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या पातळ कागदावर काढीत. हा कागद १८५० सालापासून प्रचारांत आला व एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मागें पडला. तो इतका पातळ असे, कीं जाड पुठ्ठ्यावर चिकटविल्यावांचून राहत नसे. त्याचा रंग तपकिरी असतो, आणि भिंगाखालीं कागदाचे तंतु चित्रांतून दिसतात. पुढें जिलेटिनचा लेप दिलेला कागद आला. त्याच्या लेपाखालीं पांढऱ्या द्रव्याचा थर असल्यानें तंतु झांकले जातात. ओलीच्या जागीं अशा फोटोच्या काळ्या भागावर कालांतरानें पाऱ्यासारखी निळसर झांक येते. ती तिरप्या उजेडांत चटकन् दिसते, आणि तिची नक्कल करणें सोपें नाहीं.

यापुढच्या खुणा आणखी सोप्या आहेत. भिंगाखालीं चित्र बारीक बारीक ठिपक्यांच्या ओळींचें दिसलें, तर तो फोटो नव्हे. छापील नियतकालिकांतून कापलेला कागद आहे. असें चित्र चौकटींत बसविणें यांत गैर कांहींच नाहीं, परंतु त्यावरून नातें सिद्ध होत नाहीं. दुकानांत नोटा पारखण्याचा जो निळसर दिवा असतो, तो अंधारांत फोटोवर धरावा. १९५० च्या सुमारापासून कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून त्यांत एक द्रव्य मिसळूं लागले. असा कागद त्या दिव्याखालीं निळापांढरा चमकतो. चमकणारा कागद १९११ चा असूं शकत नाहीं. मात्र उलट अनुमान काढूं नये. न चमकणारा प्रत्येक कागद जुना असतोच असें नाहीं.

येथें एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. कागदाचें वय निराळें व चित्रांतील प्रसंगाचें वय निराळें. एकत्र कुटुंबाची वाटणी होतांना भांडींकुंडीं वांटतां येतात. फोटो एकच असतो. मग एका भावाकडे मूळ फोटो राहतो आणि बाकीचे त्याच्या नकला करून घेतात. ती नक्कल ओळखण्याची युक्ति सोपी आहे. चित्रांत एखादी भेग किंवा सुरकुती दिसत असेल, पण तिरप्या उजेडांत त्याच जागीं पृष्ठभाग गुळगुळीत असेल, तर ती भेग मूळ फोटोवरची आहे; हातांत आहे ती नक्कल. अशी नक्कल १९६० सालची असूनहि तिच्यांतील प्रसंग १९११ चा असूं शकेल. ती खोटी नव्हे. तिला मूळ म्हणणें तेवढें खोटें.

आतां फोटो उलटा करावा. पाठीमागचा मजकूर पुष्कळदां पुढच्या चेहऱ्यांपेक्षां अधिक बोलका असतो. "देवबाग, जिल्हा सिंधुदुर्ग" असें लिहिलें असेल, तर तें लिखाण १ मे १९८१ नंतरचें, कारण तोंवर हा प्रदेश रत्नागिरी जिल्ह्यांत होता. स्टुडिओच्या शिक्क्यांत सहा आंकडी पिन असेल, तर तो शिक्का १५ ऑगस्ट १९७२ च्या पूर्वींचा असणें शक्य नाहीं. नांवें मोडींत असतील, तर लिहिणारा जुन्या पिढींतला, एवढें बहुधा म्हणतां येतें. शुद्धलेखनाकडेहि पाहावें. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ सालीं मान्य झाले व अनुच्चारित अनुस्वार शाळांतून गेले. परंतु जुन्या वळणाचे हात पुढेंहि अनुस्वार देतच राहिले. म्हणून अनुस्वार हा जुन्या हाताचा पुरावा आहे, जुन्या सालाचा नव्हे. शिवाय नांवें फोटो काढल्यानंतर चाळीस वर्षांनीं कोणी तरी आठवून लिहिलेलीं असूं शकतात. शाई एक, हात एक, आणि बारा नांवें सलग लिहिलेलीं दिसलीं, तर तीं केव्हां लिहिलीं हा प्रश्न अवश्य विचारावा.

शेवटीं चित्रांत शिरावें. येथील नियम एकच आहे : चित्रांतील सर्वांत नवी गोष्ट चित्राचें वय ठरविते. खालीं "१९११, विलायत" असें लिहिलें आहे आणि मधल्या खुर्चीवर सी. के. नायडू बसले आहेत, तर तें साल चुकीचें. १९११ च्या उन्हाळ्यांत नायडू पंधरा वर्षांचे होते. लॉर्ड्सच्या मैदानावर पहिल्या कसोटी सामन्यांत ते कर्णधार झाले ते १९३२ सालीं. पालवणकर बंधूंपैकीं विठ्ठल दिसत असतील, तरीहि तें १९११ च्या दौऱ्याचें चित्र नव्हे, कारण त्या दौऱ्यावर बाळू व शिवराम हे दोघेच गेले होते. चेहरे जुळवितांना मिशा, पगडी व देहाची स्थूलता यांवर भिस्त ठेवूं नये, तीं बदलतात. कानाची ठेवण, भुवयांमधील अंतर व हनुवटीची घडण पाहावी. आणि ज्याच्याशीं तुलना करावयाची, त्या चित्राची ओळख आधीं पक्की असावी. नाहीं तर एका शंकेनें दुसरी शंका सिद्ध केल्यासारखें होतें.

घरांत परंपरेनें आलेला फोटो म्हणजे निर्विवाद पुरावा, अशी समजूत केवळ आपल्याकडेच आहे असें नव्हे. अमेरिकेंत बेसबॉल हा खेळ फार लोकप्रिय आहे. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर संघांतील अलेक्झांडर कार्टराइट यांचें नांव त्या खेळाच्या इतिहासांत मोठें. त्यांच्या घराण्यांत जपलेल्या सहा पुरुषांच्या एका अतिशय जुन्या चित्रांत ते स्वतः आहेत, असें पुष्कळ काळ मानलें जात असे. पुढें अभ्यासकांनीं चेहऱ्यांचें एकेक अंग त्यांच्या इतर चित्रांशीं ताडून पाहिलें आणि त्या ओळखीबद्दल गंभीर शंका उपस्थित केली. चित्र जुनें होतें यांत वाद नव्हता. वाद होता तो नांवाविषयीं. जुनेपणा व खरेपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें या उदाहरणावरून स्पष्ट होतें.

एवढी चिकित्सा कशासाठीं, असें कोणी विचारील. घरांतल्या मुलांस अभिमान वाटतो, तर वाटूं द्यावा, त्यांत कोणाचें काय जातें? याचें उत्तर असें, कीं कोणाचें तरी जातेंच. संघाच्या चित्रांत जागा मोजक्या असतात. एका चेहऱ्याखालीं आपल्या पणजोबांचें नांव लिहिलें, म्हणजे तेथें खरोखर बसलेल्या माणसाचें नांव पुसलें जातें. आणि ज्यांचीं नांवें सहज पुसलीं जातात, तीं माणसें बहुधा बाळूंसारखीं असतात. चर्मकार कुटुंबांत जन्मलेल्या या गृहस्थांनीं पुण्यांत गोऱ्या लोकांच्या क्लबांत मैदानाची निगा राखण्याचें काम करीत आपली गोलंदाजी घडविली. पुढें हिंदूंच्या संघानें त्यांना खेळण्यासाठीं बोलाविलें. सामने जिंकण्यासाठीं त्यांचा हात हवा होता. पण चहाच्या वेळीं सोबती आंत कपबशींतून चहा घेत असतां त्यांना बाहेर निराळ्या मातीच्या भांड्यांत चहा मिळे. तीं भांडीं ज्या घरांच्या रीतीनें निराळीं झालीं, त्या घरांत आपलीं घरेंहि होतीं, हें विसरतां येत नाहीं. संघाच्या चित्रांत सर्व खेळाडू एकाच रांगेंत, एकाच ऐटींत बसलेले दिसतात. चहाचें तें भांडें त्यांत दिसत नाहीं. बाळूंना हिंदु संघाचें कर्णधारपद कधींच मिळालें नाहीं. तें त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांना १९२३ सालीं मिळालें. फोटो समोर होतें तेवढेंच सांगतो. बाकीचें आपण शोधून त्याच्या पाठीवर लिहावयाचें असतें.

म्हणून फोटो घरांतून नाहींसा होण्यापूर्वीं चार कामें करावींत. तो बाहेरच्या ओल्या भिंतीवरून काढून आंतल्या कोरड्या भिंतीवर लावावा, व कांच आणि फोटो यांमध्यें पुठ्ठ्याची पट्टी घालून थोडें अंतर ठेवावें. कांचेस चिकटलेला फोटो ओढून काढूं नये, जाणत्याकडे न्यावा. ओल्या फडक्यानें पुसूं नये, चिकटपट्टी लावूं नये. आणि पाठीमागें, कडेला, मऊ शिसपेन्सिलीनें, हलक्या हातानें, डावीकडून उजवीकडे, जेवढीं नांवें नक्की ठाऊक आहेत तेवढींच लिहावींत. जें ऐकीव असेल त्यापुढें "ऐकीव" असें लिहावें, कोणी सांगितलें तें लिहावें, व लिहिल्याची तारीख घालावी. ज्या चेहऱ्याचें नांव कोणासच ठाऊक नाहीं, त्याची जागा मोकळी ठेवावी. उद्यां मालवणांत, मुंबईंत किंवा आणखी कोठें एखाद्या घरीं त्याच चित्राची दुसरी प्रत निघेल, आणि तिच्या पाठीवर तेंच एक नांव लिहिलेलें सांपडेल.