फंक्शनची योग्य जागा

‘सी’ ही संगणक-भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास घडवली. या भाषेचा कंपायलर फाइल वरून खाली वाचत जातो. त्यामुळे एखादे फंक्शन आधी वापरले आणि त्याची व्याख्या नंतर लिहिली, तर वापराच्या ठिकाणी ते नाव त्याला अपरिचित असते. १९८९ च्या मानकानुसार अशा फंक्शनचे उत्तर पूर्णांकच असेल, असे कंपायलर गृहीत धरीत असे. व्याख्या दुसऱ्या फाइलमध्ये असून उत्तर अपूर्णांकी असल्यास, कोणतीही सूचना न मिळता आकडा चुकू शके. १९९९ च्या मानकाने ही मोकळीक काढून घेतली.

यावर उपाय सोपा आहे. व्याख्या वापरापूर्वी लिहावी किंवा फाइलच्या आरंभी फंक्शनचे नाव व प्रकार सांगणारी घोषणा करावी.

एका फंक्शनच्या पोटात दुसऱ्याची व्याख्या करणे प्रमाण ‘सी’ला मान्य नाही. पुष्कळदा ही चूक हेतुपूर्वक नसते. आधीच्या फंक्शनचा महिरपी कंस बंद करावयाचा राहिलेला असतो. कंपायलर मात्र पुढच्या ओळीकडे बोट दाखवतो. म्हणून दाखवलेल्या ओळीत दोष न आढळल्यास तिच्या वरचा भाग तपासावा.