नगराध्यक्षांची थेट निवडणूक (महाराष्ट्र)

नगराध्यक्षांची थेट निवडणूक म्हणजे नगरपरिषद किंवा नगरपंचायतीच्या अध्यक्षास नगरसेवकांऐवजी शहरातील सर्व मतदारांनी निवडून देण्याची पद्धत होय. अप्रत्यक्ष पद्धतीत अध्यक्षपद नगरसेवकांच्या बहुमतावर अवलंबून असते. थेट पद्धतीत अध्यक्षास संपूर्ण शहराचा स्वतंत्र जनादेश मिळतो, कार्यकाल निश्चित होतो आणि सभागृहातील बहुमत बदलले तरी पद टिकते. संसदीय आणि अध्यक्षीय शासनपद्धतींतील मूलभूत भेद या पद्धतीमुळे स्थानिक पातळीवर दिसून येतो. महाराष्ट्रात इ.स. २००१ ते २०२२ या काळात ही तरतूद तीन वेळा आणली गेली आणि दोन वेळा रद्द झाली.

घटनात्मक आधार

भारतीय संविधानाने केंद्र व राज्य पातळीवर संसदीय पद्धत स्वीकारली आहे. संविधानाचा मसुदा ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या निवडीचे कारण स्पष्ट केले होते. लोकशाहीतील कार्यकारी सत्ता स्थिर असावी आणि जबाबदारही असावी. परंतु दोन्ही गुण सारख्या प्रमाणात देणारी पद्धत आजवर सापडलेली नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य अधिक व जबाबदारी कमी, तर ब्रिटिश पद्धतीत जबाबदारी अधिक व स्थैर्य कमी असते. अध्यक्षीय पद्धतीत सत्ताधाऱ्यांच्या कामाचे मूल्यमापन ठरावीक मुदतीनंतर मतदार करतात. संसदीय पद्धतीत ते मुदतीअखेर होतेच, शिवाय प्रश्न, ठराव, चर्चा व अविश्वास प्रस्ताव यांद्वारे सभागृहात दररोज होत असते. मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला प्राधान्य दिले. देशासाठी अध्यक्षीय पद्धत स्वीकारावी, अशी मागणी पुढेही अधूनमधून होत राहिली. विदर्भातील काँग्रेस नेते वसंत साठे हे तिचे एक आग्रही पुरस्कर्ते होते. ही मागणी राष्ट्रीय पातळीवर चर्चेपुरतीच राहिली.

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या बाबतीत मात्र संविधानाने निवडीचा मार्ग मोकळा ठेवला आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२, अंमल १ जून १९९३ पासून) समाविष्ट झालेल्या अनुच्छेद २४३-आर नुसार नगरपालिकेच्या अध्यक्षाच्या निवडीची रीत राज्य विधिमंडळ कायद्याने ठरवू शकते. ग्रामपंचायतीच्या अध्यक्षाबाबत अनुच्छेद २४३-सी मध्ये तशीच मुभा आहे. पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांच्या अध्यक्षांची निवड मात्र निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातूनच करावी, असे त्याच अनुच्छेदात नमूद आहे. त्यामुळे महाराष्ट्रात सरपंच व नगराध्यक्ष थेट निवडता येतात. जिल्हा परिषदेचा अध्यक्ष थेट निवडायचा झाल्यास संविधानातच दुरुस्ती करावी लागेल.

इतिहास

महाराष्ट्रातील नगरपरिषदांचा कारभार महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायत व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ नुसार चालतो. या कायद्याखाली १९७४ च्या निवडणुकांत नगराध्यक्ष प्रथमच जनतेतून निवडले गेले. ती तरतूद टिकली नाही आणि निवडीचा अधिकार पुन्हा नगरसेवकांकडे गेला.

त्यानंतरचे प्रमुख बदल पुढीलप्रमाणे :

• २००१ – काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेस आघाडीच्या काळात थेट निवडणूक पुन्हा सुरू.
• २००६ – त्याच आघाडीच्या काळात थेट निवडणूक रद्द.
• २०१६ – देवेंद्र फडणवीस यांच्या नेतृत्वाखालील सरकारकडून थेट निवडणूक पुन्हा सुरू. २०१६ अखेरच्या नगरपरिषद निवडणुका या पद्धतीने झाल्या.
• २०२० – उद्धव ठाकरे यांच्या नेतृत्वाखालील महाविकास आघाडी सरकारच्या काळात थेट निवडणूक रद्द.
• २०२२ – एकनाथ शिंदे यांच्या नेतृत्वाखालील सरकारचा जुलैमध्ये थेट निवडणुकीचा निर्णय. महाविकास आघाडी सरकारमध्ये शिंदे हेच नगरविकास मंत्री होते; त्यामुळे विधिमंडळातील चर्चेत विरोधकांनी या भूमिकाबदलावर टीका केली.

सरपंचपदाचा प्रवासही याच मार्गाने झाला. २०१७ मध्ये सरपंचांची थेट निवडणूक सुरू झाली. २०२० मध्ये ती रद्द करणारा अध्यादेश काढण्यास तत्कालीन राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी नकार दिल्यावर सरकारने विधिमंडळात विधेयक संमत करून घेतले. २०२२ मध्ये नगराध्यक्षपदाबरोबर सरपंचपदही पुन्हा थेट निवडणुकीकडे गेले.

हे बदल सरकारबदलाशी निगडित राहिले असले, तरी त्यांमागे निव्वळ तात्त्विक मतभेद नव्हते. राज्यव्यापी लाट किंवा लोकप्रिय नेतृत्व ज्या पक्षाच्या पाठीशी असते, त्याला शहरभर होणारी एकच लढत सोयीची पडते. प्रभागनिहाय गट, स्थानिक आघाड्या व अनुभवी नगरसेवक ज्याच्याकडे असतात, त्याला सभागृहातील निवड सोयीची वाटते.

अधिकार व मर्यादा

नगराध्यक्ष हा नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेचा पीठासीन अधिकारी असतो. समसमान मते पडल्यास त्याला निर्णायक मताचा अधिकार असतो. तो स्थायी समितीचा पदसिद्ध सभापती असतो. आर्थिक व कार्यकारी कारभारावर लक्ष ठेवणे, अधिकाऱ्यांच्या कामावर देखरेख करणे आणि आणीबाणीच्या प्रसंगी तातडीची कामे करण्याचे निर्देश देणे, ही कामे कायद्याने त्याच्याकडे सोपवली आहेत. उपनगराध्यक्षाची निवड मात्र नगरसेवकच करतात.

थेट निवडणुकीने या अधिकारांच्या यादीपेक्षा पदाच्या सुरक्षिततेत अधिक फरक पडतो. अप्रत्यक्ष पद्धतीत नगराध्यक्षाचा कार्यकाल अडीच वर्षांचा होता. पक्षांतर्गत वाटाघाटींत तो आणखी विभागला जाई आणि ठरलेल्या मुदतीनंतर राजीनामा घेऊन दुसऱ्यास संधी देण्याची प्रथा अनेक शहरांत रूढ होती. थेट निवडून आलेल्या अध्यक्षास पाच वर्षांचा कार्यकाल मिळतो व नगरसेवकांच्या साध्या बहुमताने त्याला दूर करता येत नाही. सरपंचाबाबत २०१७ नंतरच्या दुरुस्तीने ही सुरक्षितता नेमक्या शब्दांत मांडली होती : अविश्वास ठरावास एकूण सदस्यांच्या तीन-चतुर्थांश बहुमताची आणि त्यानंतर ग्रामसभेत गुप्त मतदानाने मान्यतेची अट घालण्यात आली. ज्यांनी निवडले त्यांच्याच संमतीने पद जावे, हे त्यामागील तत्त्व होते.

दोन मर्यादा मात्र थेट निवडणुकीनंतरही कायम राहतात. पहिली प्रशासनाची. नगरपरिषदेचा मुख्याधिकारी राज्य शासनाकडून नियुक्त होतो. त्याची बदली वा नियुक्ती नगराध्यक्षाच्या हाती नसते. दुसरी मर्यादा राज्याच्या नियंत्रणाची. नगरपरिषदेच्या ठरावाची अंमलबजावणी स्थगित करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यास आहे आणि गैरवर्तन, कर्तव्यातील कसूर किंवा असमर्थता या कारणांवरून राज्य शासन कलम ५५-अ नुसार नगराध्यक्षास पदावरून दूर करू शकते. म्हणजे हजारो मतदारांनी निवडलेला अध्यक्ष नगरसेवकांपासून सुरक्षित असला, तरी शासनाच्या कारवाईपासून तितका सुरक्षित नसतो.

पिंपरी-चिंचवड परिसरातील स्थिती

अध्यक्षपदाची वेगवेगळी प्रारूपे एकाच परिसरात पाहावयाची झाल्यास पवना नदीकाठचे रावेत हे उपयुक्त उदाहरण आहे. येथील बंधाऱ्यावरून उचललेले पाणी निगडीतील शुद्धीकरण केंद्रामार्गे पिंपरी-चिंचवड शहराला पुरवले जाते. १९९७ मध्ये पालिकेच्या हद्दीत नव्याने आलेल्या गावांमध्ये रावेतचा समावेश होता. तोपर्यंत गावाचा प्रमुख सरपंच होता. त्यानंतर रावेतकरांचा संबंध महापौर व आयुक्त यांच्याशी आला.

पिंपरी-चिंचवडची नगरपालिका १९७० मध्ये स्थापन झाली. अण्णासाहेब मगर हे तिचे पहिले नगराध्यक्ष होते. १९८२ मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले आणि शहराच्या प्रमुखपदाचे स्वरूपच बदलले. महानगरपालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या अधिनियमातील कलम ६७ नुसार कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे असतात आणि आयुक्ताची नियुक्ती राज्य शासन करते. महापौर सर्वसाधारण सभेचे अध्यक्षस्थान भूषवतो. नगरसेवकांतून अडीच वर्षांसाठी त्याची निवड होते. आर्थिक प्रस्तावांना मंजुरी देणारी सोळा सदस्यांची स्थायी समिती आपला सभापती स्वतंत्रपणे निवडते. नगराध्यक्षाच्या ठायी एकत्र असलेली दोन पदे येथे दोन व्यक्तींकडे जातात. परिणामी शहर मोठे झाले, तसे त्याच्या निर्वाचित प्रमुखाचे अधिकार कमी झाले.

रावेतच्या आसपास याहून वेगळ्या व्यवस्थाही आहेत. शेजारच्या देहूरोड कटक मंडळाचे अध्यक्षपद कायद्यानेच लष्करी अधिकाऱ्याकडे असते; नागरिक तेथे सदस्य निवडू शकतात, अध्यक्ष नव्हे. देहू नगरपंचायतीची निवडणूक थेट पद्धत रद्द असतानाच्या काळात झाल्याने तेथील अध्यक्ष सदस्यांनी निवडला. चाकण, आळंदी, राजगुरुनगर व तळेगाव दाभाडे या नगरपरिषदांत डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीत मतदारांना नगराध्यक्षासाठी स्वतंत्र मत देता आले. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे अध्यक्षपद मुख्यमंत्र्यांकडे असते. अशा रीतीने थोड्याच अंतरातील नागरिकांना आपला स्थानिक प्रमुख निवडण्याचे कमी-अधिक अधिकार आहेत आणि लोकसंख्येच्या आकाराशी त्यांचा मेळ बसत नाही.

महापौरास अधिकार देण्याचा एक प्रयोग महाराष्ट्रात झाला होता. १९९८ मध्ये मुंबई व नागपूर येथे ‘मेयर-इन-कौन्सिल’ पद्धतीने कार्यकारी अधिकार महापौर व त्याच्या मंडळाकडे देण्यात आले. १९९९ मध्ये ती पद्धत रद्द झाली. उत्तर प्रदेश व मध्य प्रदेशात महापौर थेट निवडला जातो. महाराष्ट्रात महापौरपद अप्रत्यक्षच राहिले आहे.

समर्थन व आक्षेप

थेट निवडणुकीच्या समर्थकांच्या मते तिच्यामुळे नगरसेवकांची पळवापळवी, सहली व घोडेबाजार यांना आळा बसतो. संपूर्ण शहराचा विचार करणारा प्रमुख मिळतो आणि प्रभागापुरत्या मागण्यांच्या पलीकडील पाणीपुरवठा, सांडपाणी, कचरा यांसारख्या प्रश्नांची जबाबदारी एका व्यक्तीवर निश्चित करता येते. आरक्षणाची एक अडचणही दूर होते. अध्यक्षपद ज्या प्रवर्गासाठी आरक्षित असेल, त्या प्रवर्गाचा नगरसेवक बहुमतातील पक्षाकडे नसल्यास अप्रत्यक्ष पद्धतीत पेच निर्माण होतो. थेट निवडणुकीत प्रत्येक पक्ष त्या प्रवर्गाचा उमेदवार उभा करू शकतो.

आक्षेप प्रामुख्याने दुहेरी जनादेशाविषयी आहे. नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुसंख्य नगरसेवक दुसऱ्या पक्षाचे, अशी स्थिती २०१६ नंतर अनेक शहरांत निर्माण झाली. अध्यक्ष सभा बोलावतो व विषयपत्रिकेवर प्रभाव टाकतो. ठराव मात्र सभागृहच संमत करते. दोघेही आपण जनतेचे प्रतिनिधी असल्याचा दावा करू शकतात आणि अंदाजपत्रक अथवा विकासकामे अडकल्यास मतदाराला दोष कोणाचा हे ठरवणे अवघड जाते. निर्णय अखेरीस मुख्याधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्याकडे सरकतो. दुसरा आक्षेप असा की, शहरभर प्रचाराचा खर्च पेलू शकणाऱ्या उमेदवारांनाच या पदाची संधी उरते.

इतर देशांतील अनुभव

फ्रान्समध्ये १९६२ च्या सार्वमताने राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक सुरू झाली व पद बळकट झाले. तथापि १९८६–८८, १९९३–९५ आणि १९९७–२००२ या काळात राष्ट्राध्यक्ष एका बाजूचा व संसदेतील बहुमत दुसऱ्या बाजूचे असल्याने अंतर्गत कारभाराची सूत्रे पंतप्रधानांकडे गेली. २००० मध्ये राष्ट्राध्यक्षाचा कार्यकाल सातवरून पाच वर्षांवर आणून तो संसदेच्या मुदतीशी जुळवण्यात आला.

इस्रायलमध्ये पंतप्रधानाच्या थेट निवडणुकीचा कायदा १९९२ मध्ये झाला. १९९६, १९९९ व २००१ मध्ये अशा निवडणुका झाल्या. मतदारांनी एक मत पंतप्रधानास व दुसरे आपल्या गटाच्या लहान पक्षास दिल्याने संसद अधिक विखुरली आणि ज्या नेत्याला बळकट करण्यासाठी बदल केला होता, तो आघाडीच्या राजकारणात अधिकच अडकला. २००१ मध्ये ही पद्धत रद्द झाली. प्रमुखाची थेट निवड करून कायदेमंडळाशी असलेले त्याचे नाते न बदलल्यास पदाचे बळ अपेक्षेइतके वाढत नाही, हे या उदाहरणावरून दिसते. महाराष्ट्रातील विभागलेल्या नगरपरिषदांना हे निरीक्षण बऱ्याच अंशी लागू पडते.

निवडणुकांतील विलंब आणि सद्यस्थिती

निवडीच्या पद्धतीवर वाद चालू असताना प्रत्यक्ष निवडणुकाच दीर्घकाळ झाल्या नाहीत. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाविषयी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये दिलेला निकाल व प्रभागरचनेचे वाद यांमुळे त्या लांबल्या. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या १२८ सदस्यांच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि आयुक्तांकडेच प्रशासकपद आले. महापौर, स्थायी समिती व सर्वसाधारण सभा यांच्याशिवाय कारभार सुरू राहिला. रावेतसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या उपनगरातील रहिवाशांना या काळात नगरसेवकही नव्हता. संविधानाच्या अनुच्छेद २४३-यू नुसार नगरपालिकेची मुदत पाच वर्षांची असून ती संपण्यापूर्वी निवडणूक होणे अपेक्षित आहे.

सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घेण्याचे निर्देश दिल्यानंतर डिसेंबर २०२५ मध्ये २४६ नगरपरिषदा व ४२ नगरपंचायतींसाठी मतदान झाले आणि नगराध्यक्षांची निवड थेट जनतेतून झाली. जानेवारी २०२६ मध्ये पिंपरी-चिंचवडसह राज्यातील महानगरपालिकांसाठी मतदान झाले. तेथे मतदारांनी नगरसेवक निवडले. महापौराची निवड पूर्वीप्रमाणेच सभागृहाकडे राहिली. नगराध्यक्षाच्या निवडीची रीत विधिमंडळाच्या साध्या बहुमताने बदलता येत असल्याने थेट निवडणुकीची सध्याची तरतूदही पुढील दुरुस्तीपर्यंतच निश्चित आहे.